आय-५ ८४०० आणि १०५० टीआय: आता नवं ग्राफिक्स कार्ड कुठलं बसवावं?

रातकिडा

मंडळी, सल्ला हवा आहे.

माझा पीसी मोठ्या भावाने जोडलेला. दादा नोकरीसाठी बाहेर पडला तेव्हा तो पीसी माझ्याकडे आला आणि तेव्हापासून अभ्यास, गेम, सगळं त्यावरच चालू आहे. तो मोडीत काढायची अजिबात इच्छा नाही. त्यातलं जे बदलायला हवं तेवढंच बदलून आणखी काही वर्षं काढायची आहेत.

आत काय आहे ते सांगतो: कोअर आय-५ ८४००, बी३६० चिपसेटचा मदरबोर्ड, ८ जीबी डीडीआर४ रॅम, जीटीएक्स १०५० टीआय ४ जीबी, ४५० वॉटचा एसएमपीएस (पीसीला वीज देणारा डबा). विंडोज १०, एसएसडीवर. मॉनिटर १०८०पी, ६० हर्ट्झ, जुना आहे, मागे व्हीजीए आणि डीव्हीआय एवढंच.

जुने गेम झकास चालतात. सायबरपंक २०७७ सगळं लो करूनही रखडत चालतो. ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ तर सुरूच होत नाही.

एक मित्र म्हणतो, प्रोसेसर जुना झाला, त्यात कार्ड घालणं म्हणजे पैसे पाण्यात, नवा पीसीच घे. दुसरा म्हणतो, परवडेल तेवढं मोठं कार्ड घे. माझ्या डोक्यात आरएक्स ६६००, आरटीएक्स ३०६० आणि आरटीएक्स ४०६० आहेत. एसएमपीएस पुरेल का, आणि प्रोसेसर खरंच आडवा येईल का, हे दोन मुख्य प्रश्न.

तांबडफुटी

४०६० घ्या. ११५ वॉटचं कार्ड आहे, ४५० वॉटचा एसएमपीएस आरामात ओढेल. डीएलएसएस (चित्र लहान काढून मोठं करायची एनव्हिडियाची सोय) मिळतं, फ्रेम जनरेशन (मधल्या फ्रेम कार्डच बनवतं) मिळतं, कार्ड गार राहतं. फार विचार करू नका.

पिंपळपान

रातकिडा, कार्ड ठरवायची घाई करू नका. तुमच्या प्रश्नात कार्डांची नावं आहेत, पण ज्यावरून कार्ड ठरतं ती माहिती अजून आलेलीच नाही. मी बरीच वर्षं लोकांचे जुने पीसी उघडून दुरुस्त करते, आणि माझं मत पक्कं आहे: जुन्या पीसीत कार्ड सगळ्यात शेवटी निवडायचं. आधी पॉवर, मग रॅम, मग प्रोसेसर किती फ्रेम देऊ शकतो ते मोजायचं, आणि त्या मापाचं कार्ड घ्यायचं.

एसएमपीएसपासून सुरू करू. ४५० हा आकडा विसरा. कॅबिनेटची बाजूची पट्टी काढा आणि एसएमपीएसवरचा स्टिकर वाचा. त्यावर एक तक्ता असतो: +३.३ व्होल्ट, +५ व्होल्ट, +१२ व्होल्ट, आणि प्रत्येकाखाली अँपिअर. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही +१२ वरच जगतात, म्हणून फक्त तो रकाना बघा. अँपिअर गुणिले १२ केलं की खरे वॉट निघतात. चांगल्या बनावटीच्या एसएमपीएसमध्ये जवळजवळ सगळी ताकद १२ व्होल्टवर मिळते. स्वस्तातल्या एसएमपीएसवर आकडा मोठा छापलेला असतो, पण त्यातला बराच वाटा ३.३ आणि ५ व्होल्टचा असतो, जो आजच्या पीसीत कोणी वापरत नाही.

त्याच वेळी कार्डासाठीच्या वायरी किती आहेत ते बघा. मदरबोर्डचा स्लॉट ७५ वॉट देतो, सहा पिनांची वायर आणखी ७५, आठ पिनांची १५०. तुमचं १०५० टीआय ७५ वॉटचं आहे. बहुतेक १०५० टीआय नुसत्या स्लॉटवर चालतात, त्यामुळे तुमच्या एसएमपीएसची आजवर परीक्षाच झालेली नाही. आणि एक गोष्ट हात जोडून सांगते: हार्ड डिस्कच्या चार पिनांच्या मोलेक्स वायरीला अडॅप्टर लावून आठ पिनांचं कार्ड चालवू नका. त्या वायरी एवढ्या करंटसाठी नसतात. वितळलेले कनेक्टर मी हातात घेतलेले आहेत.

मग रॅम. ८ जीबीची एकच कांडी आहे की चारच्या दोन? एकच असेल तर मेमरी सिंगल चॅनलवर चालते, म्हणजे प्रोसेसरला माहिती मिळायचा रस्ता अर्धा. आय-५ ८४०० ला सहा कोर आणि सहाच थ्रेड (एका वेळी चालणारी कामं) आहेत, त्याला हा अर्धा रस्ता चांगलाच जाणवतो. फ्रेमची सरासरी ठीक दिसते आणि मध्येच चित्र अडखळतं, त्यामागे बऱ्याचदा हेच कारण असतं.

आता प्रोसेसरचं मोजमाप. ‘चालेल’ आणि ‘नाही चालणार’ यावर इथे पानंच्या पानं वाद होतात, पण हे तुम्हाला घरबसल्या, आत्ताच्याच कार्डावर तपासता येतं. एमएसआय आफ्टरबर्नर (असे आकडे दाखवणारा प्रोग्राम) टाका, स्क्रीनवर जीपीयूचा (कार्डाच्या चिपचा) वापर, प्रत्येक कोरचा वापर आणि एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम) दिसू द्या. सायबरपंकमध्ये गर्दीच्या बाजारात उभे राहा. आधी १०८०पी लो वर आकडे बघा. मग रिझोल्युशन ७२०पी करा आणि वर एफएसआर परफॉर्मन्स लावा (हेही चित्र लहान काढून मोठं करतं). आता गेम खरं तर ६४० बाय ३६० एवढंच चित्र काढतोय, म्हणजे कार्डाचं काम नावापुरतं उरलं. प्रोसेसरचं काम मात्र तेवढंच आहे: तीच माणसं, त्याच गाड्या, तेच भौतिकशास्त्र. या वेळी जो एफपीएस दिसेल ती साधारण तुमच्या प्रोसेसरची कमाल. जगातलं सगळ्यात महाग कार्ड लावलंत तरी त्याच जागी, त्याच सेटिंगवर तुम्ही त्याच्या फारसे वर जाणार नाही.

तो आकडा ३५ आला तर तुमच्या पहिल्या मित्राचं बरोबर. ६० च्या आसपास आला तर तुमच्या ६० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ६० फ्रेमच दाखवणाऱ्या, मॉनिटरला आणखी काय हवं?

स्टिकरवरचे आकडे, रॅमच्या कांड्या, बाजारातला एफपीएस, आणि कॅबिनेटमध्ये कार्डाच्या पत्र्यापासून समोरच्या पंख्यापर्यंत किती मिलिमीटर जागा आहे, एवढं इथे टाका. मग कार्डाचं बोलू.

सहा_कोर

पिंपळपान ताईंच्या मोजणीबद्दल वाद नाही, पण निष्कर्षाबद्दल आहे. आजच्या प्रोसेसरच्या मापाचं कार्ड घेतलं तर दोन वर्षांनी प्रोसेसर बदलल्यावर कार्डही बदलावं लागेल. त्यापेक्षा आत्ताच मोठं घ्यावं, ते पुढच्या पीसीत जाईल. कार्डाला स्लॉटची पिढी आडवी येत नाही, नवं कार्ड जुन्या स्लॉटमध्ये बसतंच.

दुसरं, प्रोसेसर कमजोर असेल तर डायरेक्टएक्स १२ च्या गेममध्ये एनव्हिडियाचा ड्रायव्हर प्रोसेसरवर रेडिऑनपेक्षा जास्त भार टाकतो. म्हणून या पीसीला माझं मत रेडिऑनला.

इंटेलचं आर्क बी५८० कोणी सुचवायच्या आत सांगून ठेवतो: १२ जीबी मेमरी बघून मोह होतो, पण त्याला रिसाइझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) लागतंच, आणि इंटेल त्यासाठी दहाव्या पिढीपासूनचे प्रोसेसर सांगतं. शिवाय जुन्या प्रोसेसरबरोबर त्याचा ड्रायव्हर फार दमतो. ते कार्ड या पीसीसाठी नाही.

रातकिडा

ताई, सगळं करून बघितलं.

एसएमपीएसच्या स्टिकरवर मोठ्या अक्षरात ४५० आहे, पण +१२ च्या रकान्यात २२ अँपिअर. म्हणजे २६४ वॉट? कार्डासाठी सहा पिनांची एकच वायर आहे, ती एका कोपऱ्यात गुंडाळून ठेवलेली.

रॅमची ८ जीबीची एकच कांडी आहे. मदरबोर्डवर चार खाचा आहेत, तीन रिकाम्या.

बाजारात १०८०पी लो वर २८-३० एफपीएस, जीपीयू ९९ टक्के, कोर सगळे साठीच्या आसपास. ७२०पी आणि एफएसआर परफॉर्मन्सवर ५६-५८, जीपीयू ७० च्या खाली, आणि सहाही कोर ९५ च्या वर. मधूनमधून अडखळत होतं.

कार्डासाठी जागा ३१० मिलिमीटर.

पिंपळपान

वा, हे काम झालं. आता अंदाजाने बोलायची गरज नाही.

हो, २६४ वॉट. त्यातून हिशेब करा: आरएक्स ६६०० घेतलं तर १३२, आरटीएक्स ३०६० घेतलं तर १७०. प्रोसेसर कागदावर ६५ वॉटचा, पण बूस्टवर थोडा वर जातो. पंखे, बोर्ड, ड्राइव्ह वेगळे. शिवाय कार्ड क्षणभरासाठी स्वतःच्या छापील वॉटच्या बरंच वर उडी मारतं, तेव्हा असा एसएमपीएस पीसी धाडकन बंद करतो, किंवा करत नाही आणि मग जास्त वाईट होतं. तांबडफुटी, तुम्ही म्हणता ते ४०६० चे ११५ वॉट खरे आहेत, पण याही कार्डाला बहुतेक वेळा आठ पिनांची वायर लागते, ती यांच्याकडे नाही. तेव्हा एसएमपीएस बदलायचा. नामांकित बनावटीचा ५५० वॉटचा पुरे, ८० प्लस ब्रॉन्झ किंवा गोल्ड दर्जाचा, आणि १२ व्होल्टवर ५०० वॉटच्या वर. नव्या एसएमपीएसच्या सगळ्या वायरी नव्याच वापरा. मॉड्युलर एसएमपीएसच्या वायरी दिसायला सारख्या असतात, पण एसएमपीएसच्या बाजूच्या पिनांची मांडणी प्रत्येक कंपनीची वेगळी. जुनी वायर नव्याला लावली तर ड्राइव्ह जळतात.

रॅमची दुसरी ८ जीबीची कांडी घ्या, २६६६ ची. तुमचा बोर्ड आणि प्रोसेसर त्याच्या वर जात नाहीत, जास्त वेगवान घेऊन फायदा नाही. प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवा. ही कांडी लागली की तीच ७२०पी ची चाचणी परत करा. अडखळणं कमी व्हावं आणि आकडा ६० च्या वर जावा असा माझा अंदाज आहे.

आता सहा_कोर यांच्या मुद्द्यांकडे येते, कारण दोन्ही विचार करण्यासारखे आहेत.

मोठं कार्ड पुढच्या पीसीत जाईल हे खरं. पण मधली दोन वर्षं तुम्ही ज्या ताकदीचे पैसे भरले ती तशीच पडून राहणार, आणि दोन वर्षांनी तेवढ्याच पैशात तेव्हाचं नवीन कार्ड मिळेल. पुढच्या पीसीसाठी आत्ता गुंतवणूक करायची असेल तर ती एसएमपीएसमध्ये करा. चांगल्या एसएमपीएसला सात-दहा वर्षांची वॉरंटी मिळते आणि तो सहसा जुना होत नाही.

‘कार्डाला स्लॉट आडवा येत नाही’ यावर मात्र थांबते, कारण इथेच ४०६० चा प्रश्न आहे. तुमच्या बोर्डावरचा कार्डाचा स्लॉट पीसीआय एक्सप्रेस ३.० या पिढीचा. ४०६० आणि आरएक्स ६६०० दोन्ही कार्डांना लेन (बोर्डाशी माहितीची ने-आण करायच्या मार्गिका) आठच आहेत. ती कार्डं ४.० च्या बोर्डावर सेकंदाला १६ जीबीच्या आसपास माहिती नेतात, तुमच्या बोर्डावर तीच ८ जीबी होते. गेमची सगळी टेक्श्चर (वस्तूंच्या पृष्ठभागांची चित्रं) कार्डाच्या मेमरीत मावली तर हा फरक थोडक्या टक्क्यांचा, डोळ्यांना कळणारही नाही. पण ८ जीबी भरली आणि माहिती रॅममधून आणायची वेळ आली, की त्या अर्ध्या रस्त्यावर कोंडी होते. ३०६० ची स्वतःची मेमरी सेकंदाला ३६० जीबीने चालते, त्यापुढे ८ म्हणजे काय ते बघा. कॅमेरा वळवला की चित्र गचका खातं, भिंतीवर धुरकट टेक्श्चर राहतात. आरएक्स ६५०० एक्सटी तर चारच लेनचं आणि ४ जीबीचं, ते ३.० च्या बोर्डात कोणीच घालू नये.

आरटीएक्स ३०६० ला सोळाच्या सोळा लेन आहेत आणि १२ जीबी मेमरी. २०२१ चं कार्ड आहे, पण तुमच्या बोर्डाला तेच सगळ्यात नीट बसतं. इंडियाना जोन्सला हार्डवेअर रे ट्रेसिंग (प्रकाशकिरणांचा हिशेब कार्डावरच करणं) सक्तीचं आहे, म्हणून तुमच्या १०५० टीआयवर तो उघडतच नाही. त्याच्या किमान यादीत आरटीएक्स २०६० सुपर आणि आरएक्स ६६०० आहेत, म्हणजे ६६०० तिथे उंबरठ्यावर उभं आहे. रे ट्रेसिंगमध्ये ३०६० त्याच्या पुढे आहे. त्याच यादीत १६ जीबी रॅम आहे, आणि प्रोसेसर तुमच्याहून वरचे आहेत, तेव्हा त्या गेममध्ये ६० ची अपेक्षा ठेवू नका. शांत खेळायचा गेम आहे, ४५-५० ला फ्रेम बांधून छान चालावा.

ड्रायव्हरच्या भाराचा मुद्दा मान्य. तुमचा मॉनिटर १४४ हर्ट्झचा असता तर मीही रेडिऑनकडे झुकले असते. ६० ला बांधून खेळणाऱ्याला १२ जीबीचा फायदा त्या भारापेक्षा जास्त आहे, असं माझं मत.

घेताना एकच काळजी घ्या. ३०६० याच नावाने ८ जीबीचंही कार्ड निघालेलं आहे, त्याची मेमरी बस १९२ बिटांची नसून १२८ ची, आणि ते बरंच हळू आहे. खोक्यावर १२ जीबी वाचल्याशिवाय हात लावू नका. वापरलेलं घेत असाल तर समोर अर्धा तास गेम चालवून घ्या, पंख्याचा खरखराट ऐका, तापमान बघा.

मॉनिटरचं राहिलं. नव्या कार्डांना डीव्हीआय नसतो, पण एचडीएमआय ते डीव्हीआय अशी साधी वायर चालते, १०८०पी ६० हर्ट्झला पुरते. तुमच्या मॉनिटरच्या व्हीजीएला हात लावू नका, त्याला वेगळा कन्व्हर्टर लागतो आणि चित्रही मऊ पडतं.

जुनाखेळाडू

मधेच विचारतो, माफ करा. माझ्याकडे कंपनीचा तयार डेस्कटॉप आहे, आय-७ ४७७०, छोटं कॅबिनेट. ताई, माझ्याही पीसीत ३०६० बसेल का?

पिंपळपान

जुनाखेळाडू, आधी झाकण उघडून एसएमपीएसची मुख्य वायर बघा. ती २४ पिनांची नसून सहा किंवा आठ पिनांची असेल तर तो कंपनीचा खास एसएमपीएस आहे, बाहेरचा सरळ बसणार नाही. छोट्या कॅबिनेटमध्ये कार्डही अर्ध्या उंचीचं लागतं. अशा पीसीत ७५ वॉटच्या आतलं, वायर न लागणारं अर्ध्या उंचीचं कार्ड एवढीच वाट उरते. तुमच्या पीसीचा फोटो टाकून वेगळा धागा काढा, तिथे नीट बोलू.

सहा_कोर

लेनचा मुद्दा पटला. ३.० च्या बोर्डावर ३०६० १२ जीबी, माझंही मत आता तेच. बसवताना एक लक्षात ठेवा: स्लॉटच्या टोकाला प्लास्टिकची खिट्टी असते, ती जुनं कार्ड काढताना आधी दाबायची, ओढाताण करायची नाही.

रातकिडा

सगळं बसवलं! एसएमपीएस, रॅमची कांडी, ३०६० १२ जीबी. व्हिडिओ कॉलवर दादाला आतलं दाखवलं, त्याने वायरी कशा मागून घ्यायच्या ते सांगितलं.

कार्ड घ्यायच्या आधी, नुसती रॅम घालून चाचणी केली होती. तोच बाजार, तेच ७२०पी: ६६-६८, आणि गचके जवळजवळ गेले. ताईंचा अंदाज बरोबर ठरला.

आता सायबरपंक १०८०पी हाय वर डीएलएसएस क्वालिटी लावून खेळतोय, शहरात बहुतेक ठिकाणी ६०. इंडियाना जोन्स सुरू झाला. पहिल्या जंगलात नुसता फिरत राहिलो.

दोन शंका. एक, डेस्कटॉपवर असताना कार्डाचे पंखे फिरतच नाहीत. दोन, बाजारात अजूनही ५० ला येतं आणि तेव्हा जीपीयूचा वापर ६० टक्केच दिसतो. डीएलएसएस परफॉर्मन्सवर टाकून बघितलं, काहीच फरक नाही.

पिंपळपान

मनापासून आनंद झाला. दादांनाही सांगा, कॅबिनेट आणि बोर्ड त्यांनी नीट निवडलेत.

पंखे: हल्लीची बरीच कार्डं साधारण ५० अंशांच्या खाली पंखे थांबवूनच ठेवतात. गेम सुरू केल्यावर फिरले की झालं.

बाजार: जीपीयू ६० टक्क्यांवर आहे म्हणजे तिथे वाट बघायला लावतोय तो प्रोसेसर, आणि ६६ ऐवजी ५० दिसतंय कारण आता तुम्ही लो वरून हाय वर आलात. हाय वर गर्दीही वाढते आणि दूरच्या वस्तूंची आखणीही, ते काम प्रोसेसरचं. म्हणून डीएलएसएस खाली नेऊन काही होत नाही, त्याने फक्त कार्डाचं काम घटतं, जे आधीच रिकामं बसलंय. उलट करा. डीएलएसएस बंद करा किंवा डीएलएए (चित्र लहान न करता कडा गुळगुळीत करणारं) लावा, चित्र जास्त रेखीव होईल आणि बाजारातला एफपीएस तेवढाच राहील. टेक्श्चर सगळ्यात वर ठेवा, १२ जीबी त्यासाठीच घेतलेत. खाली आणायची ती क्राउड डेन्सिटी (गर्दीचं प्रमाण), आणि सायबरपंकमध्ये रे ट्रेसिंग बंदच राहू द्या, कारण त्याचा भार कार्डाइतकाच प्रोसेसरवरही येतो. मग एफपीएस ६० ला बांधा.

आणखी दोन कामं सवडीने. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तुमचा ८४०० विंडोज ११ च्या यादीत आहे, बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) पीटीटी चालू करा, म्हणजे विंडोज ११ ला लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय मिळेल. आणि कधी वापरलेला आय-७ ८७०० चांगल्या अवस्थेत मिळाला तर सोडू नका: सहाच कोर, पण बारा थ्रेड, त्याच सॉकेटमध्ये, त्याच बोर्डावर बसतो. गेममधल्या बाजारातली एफपीएसची ती घसरण त्याने बरीच भरून निघेल.